मामांचा मुलार्ड ५-१० अँप्लिफायर: नवा व्हॉल्व्हही तांबडा होतो, आता काय बदलावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे मामा सांगलीत रेडिओदुरुस्तीचे काम करीत असत. १९६० च्या दशकात त्यांनी स्वतःसाठी बांधलेले दोन मोनो अँप्लिफायर त्यांच्या पश्चात माझ्याकडे आले आहेत. त्यांच्या वहीत सर्किटची आकृती आहे आणि तिच्या वर 'मुलार्ड ५-१०' असे लिहिलेले आहे (मुलार्ड ही ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनी). प्रत्येक अँप्लिफायरवर एक ईएफ ८६, एक ईसीसी ८३, दोन ईएल ८४ (स्पीकरला शक्ती देणारे) आणि एक ईझेड ८१ (एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर) असे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्या, बसवलेले आहेत. मला सोल्डरिंग येते, मल्टिमीटर वापरता येतो आणि ट्रान्झिस्टरचे छोटे अँप्लिफायर मी बांधले आहेत. व्हॉल्व्हच्या उपकरणाला मात्र आजवर कधी हात लावलेला नाही.

उजव्या बाजूचा अँप्लिफायर उत्तम वाजतो. डाव्या बाजूचा सुरू केल्यावर दहाएक मिनिटांत दोनपैकी एका ईएल ८४ ची प्लेट (काचेच्या आतला धातूचा पत्रा) तांबडी दिसू लागते, आवाज घोगरा होतो आणि गुणगुण वाढते. इथल्या एका दुकानदाराने व्हॉल्व्ह गेला असे सांगितले, म्हणून मी नवा ईएल ८४ मागवून त्याच जागी लावला, तर तोही तसाच तांबडा झाला. आता तेच गृहस्थ चारही ईएल ८४ आणि दोन्ही ईसीसी ८३ बदलायला सांगत आहेत. ऑनलाइन पाहिले तर जुन्या मुलार्ड ईसीसी ८३ ची किंमत माझ्या दोन्ही स्पीकरांच्या किमतीच्या घरात जाते.

नेमके काय बदलावे, वेगळ्या क्रमांकाचे व्हॉल्व्ह चालतात का, जुन्या साठ्यातील व्हॉल्व्हसाठी इतके पैसे मोजण्यात अर्थ आहे का, आणि हे सर्व करताना जिवाला धोका होऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. स्पीकर ८ ओहमचे असून त्यांची संवेदनशीलता ९० डेसिबल आहे.

जुनी_तार

नमस्कार. आपल्या प्रश्नातच निदान आहे. त्याच सॉकेटात नवा व्हॉल्व्हही तांबडा होत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा नसून त्या सॉकेटापर्यंत येणाऱ्या जोडणीचा आहे. तेव्हा तूर्त एकही व्हॉल्व्ह विकत घेऊ नका, आणि डावा अँप्लिफायर तपासणीच्या दोन-तीन मिनिटांपलीकडे चालू ठेवू नका. तांबड्या झालेल्या प्लेटमुळे व्हॉल्व्ह तर खराब होतोच, पण त्याहून मोठी भीती आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची असते. व्हॉल्व्ह आजही बाजारात मिळतो. मामांनी त्या काळी गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

मोजमापे घेण्यापूर्वी सुरक्षेविषयी सांगतो, कारण ट्रान्झिस्टरच्या कामातून आलेल्या माणसाच्या हाताला ३० व्होल्टांची सवय असते. इथे फिल्टर कंडेन्सरवर (डीसी दाब सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवर) ३०० व्होल्टांहून अधिक डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो बराच वेळ टिकू शकतो. प्लग काढावा, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या चिमट्यांनी फिल्टर कंडेन्सर व चॅसिस (धातूचा सांगाडा) यांमध्ये काही सेकंद धरावा, आणि मग मीटरने दाब खरोखर शून्याजवळ आला आहे याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. चालू स्थितीत मोजताना मीटरची काळी पिन चिमट्याने चॅसिसला कायमची लावून ठेवावी, लाल पिन एका हाताने धरावी आणि दुसरा हात खिशात ठेवावा. खिशातला हात पाहून घरातले हसतील, पण दोन्ही हात आत असताना बसलेला झटका छातीतून जातो. त्या काळच्या अँप्लिफायरना अनेकदा दोन पिनांचाच प्लग असे; आपल्याकडेही तसे असेल तर तीन पिनांचा लावून अर्थिंगची तार चॅसिसला पक्की जोडून घ्या.

दुसरी काळजी ट्रान्झिस्टरच्या नेमकी उलट आहे. ट्रान्झिस्टर अँप्लिफायरच्या स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर तो जळतो, म्हणून पुष्कळ जण तपासणीच्या वेळी स्पीकर काढून ठेवतात. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये स्पीकर न जोडता सिग्नल दिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड दाब निर्माण होतो आणि वाइंडिंगमध्ये किंवा सॉकेटात ठिणगी पडू शकते. स्पीकर जोडायचा नसेल तर त्याच्या जागी ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर तरी हवाच.

आता मोजमाप. मुलार्डच्या मूळ रचनेत प्रत्येक ईएल ८४ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) स्वतंत्र २७० ओहमचा रेझिस्टर असतो. मामांनीही तसाच लावला आहे ना, हे आकृतीत पाहावे. वीज बंद असताना तो रेझिस्टर मोजा, कारण जुने कार्बन रेझिस्टर तापून किंमत बदलतात. मग अँप्लिफायर चालू करून पाच मिनिटांनी त्याच्या दोन टोकांमधील दाब मोजा. उत्पादकांच्या माहितीपत्रकानुसार प्लेटवर ३०० व्होल्ट असताना पुशपुल (आळीपाळीने काम करणाऱ्या) जोडीतील प्रत्येक ईएल ८४ मधून सिग्नल नसताना साधारण ३६ मिलीअँपिअर प्लेटप्रवाह आणि ४ मिलीअँपिअर स्क्रीनप्रवाह (प्लेटच्या आतल्या जाळीचा) वाहतो. दोन्ही मिळून ४० मिलीअँपिअर कॅथोडच्या रेझिस्टरमधून जातात, म्हणून तेथे १० ते ११ व्होल्ट दिसायला हवेत. प्लेटवर खर्च होणारी शक्ती तेव्हा सुमारे १०.८ वॅट असते आणि ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅट आहे. म्हणजे निरोगी स्थितीतही हा व्हॉल्व्ह मर्यादेच्या जवळच काम करतो. त्याला थोडे बिघडायला वाव नाही, आणि म्हणूनच बाजूच्या एखाद्या घटकाचा दोष सर्वांत आधी याच्या प्लेटवर दिसतो.

माझा संशय कपलिंग कंडेन्सरवर आहे. ईसीसी ८३ च्या प्लेटवरील सिग्नल ईएल ८४ च्या ग्रिडकडे (प्रवाह कमीजास्त करणाऱ्या जाळीकडे) नेणारा आणि तिथला २०० हून अधिक व्होल्टांचा डीसी दाब अडवणारा हा घटक त्या काळी मेणात बुडवलेल्या कागदाचा असे. पन्नास-साठ वर्षांत त्यात ओल शिरते आणि तो किंचित गळू लागतो. गळती काही मायक्रोअँपिअरचीच असते, परंतु ती ग्रिडच्या ४७० किलोओहम रेझिस्टरमधून जाताना ग्रिडवर काही व्होल्टांचा धन दाब तयार करते. मग व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढू लागतो आणि तापतो, चॅसिसमधली उष्णता वाढल्यामुळे कंडेन्सर आणखी गळतो. दहा मिनिटांनंतर लाली येण्याचे कारण बहुधा हेच असावे. सुटा काढून साध्या मल्टिमीटरवर तपासला तर असा कंडेन्सर निर्दोष दिसतो, कारण मीटर त्याला जेमतेम काही व्होल्टांवर तपासतो.

म्हणून दोन्ही ईएल ८४ च्या पिन क्रमांक २ वर, म्हणजे ग्रिडवर, चॅसिसच्या संदर्भात डीसी दाब मोजा. तिथे शून्य अपेक्षित आहे. धन दाब आढळला तर वीज बंद करा, तो व्हॉल्व्ह काढा, पुन्हा थोडा वेळ चालू करून त्याच पिनेवर मोजा. व्हॉल्व्ह नसतानाही दाब तसाच राहिला तर कंडेन्सर दोषी, आणि नाहीसा झाला तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली आहे किंवा त्याची ग्रिडच तापून इलेक्ट्रॉन सोडू लागली आहे. आकडे इथे लिहा, मग पुढचे बोलू.

तापकीर_गल्ली

वरील निदानाशी मी सहमत आहे, त्यामुळे क्रमांकांपुरतेच लिहितो. कारण चुकीचा पर्याय लावून चांगले अँप्लिफायर बिघडवलेले मी पुण्यात पुष्कळ पाहिले आहेत.

युरोपीय नावे वाचायला सोपी आहेत. पहिले अक्षर हीटरविषयी (कॅथोड तापवणाऱ्या तारेविषयी) सांगते: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, जी म्हणजे ५ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलीअँपिअरच्या मालिकेत जोडायचा आणि यू म्हणजे १०० मिलीअँपिअरच्या मालिकेत जोडायचा. पुढची अक्षरे आतील रचना सांगतात: सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे लहान सिग्नलचा पेंटोड, एल म्हणजे पॉवर पेंटोड, झेड म्हणजे दोन प्लेटांचा रेक्टिफायर. शेवटचा आकडा ८० च्या घरातला असेल तर तळाला नऊ पिना, ३० च्या घरातला असेल तर मोठा आठ पिनांचा तळ. म्हणून ईसीसी ८३ हे नाव वाचताच ६.३ व्होल्टांचा, दोन ट्रायोडचा, नऊ पिनांचा व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर येतो. यू मालिका लक्षात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. यूसीएल ८२, यूवाय ८५ असे व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या एसी-डीसी रेडिओंमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असू शकते. तुमच्या अँप्लिफायरला ट्रान्सफॉर्मर आहे, पण मामांच्या माळ्यावरून उद्या असा रेडिओ निघाला तर सरावासाठी तो उघडू नका.

अमेरिकी नावे ही तशीच दुसरी ओळखपत्रे होत. ईसीसी ८३ आणि १२एएक्स७ एकच, ईएल ८४ आणि ६बीक्यू५ एकच, ईझेड ८१ आणि ६सीए४ एकच. रशियन ६पी१४पी हाही ईएल ८४ च्या जागी सरळ बसतो. पण नऊ पिनांच्या सॉकेटात बसते म्हणजे चालते, असे नव्हे. ईसीसी ८१, ८२ आणि ८३ यांच्या पिना सारख्याच असल्या तरी त्यांचा वर्धनांक (सिग्नल किती पट वाढू शकतो तो आकडा) अनुक्रमे ६०, १७ आणि १०० च्या आसपास आहे. ८३ च्या जागी ८२ लावला तर या सर्किटातील फेज स्प्लिटरचे (दोन ईएल ८४ साठी सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या भागाचे) सगळे गणित बिघडते. ईसीसी ८८ चे तर हीटरच वेगळे जोडलेले असते. ईसीसी ८३ मध्ये पिन ४ व ५ एकत्र आणि समोर पिन ९ अशा पद्धतीने ६.३ व्होल्ट देतात, ईसीसी ८८ मध्ये ते पिन ४ व ५ यांमध्येच हवे असतात आणि पिन ९ ही आतल्या पडद्याची असते. रशियन ६एन२पी चा वर्धनांक १२एएक्स७ सारखाच असल्यामुळे काही विक्रेते तो पर्याय म्हणून विकतात, परंतु त्याच्याही हीटरची जोडणी वेगळी आहे आणि सॉकेटातील तारा बदलल्याशिवाय तो चालणार नाही.

जुन्या साठ्याबद्दल माझे मत थोडे सैल आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'बेल'ने, रेडिओचे व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनवले आणि ते आजही बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या दुकानांच्या मागच्या कपाटांतून अधूनमधून निघतात. बेलचा ईएल ८४ किंवा ईसीसी ८३ मिळाला आणि दुकानदाराने टेस्टरवर लावून दाखवला, तर मी तो आनंदाने घेईन. परदेशी मोठ्या नावासाठी दहापट पैसे मोजणे मात्र मला पटत नाही. काचेवरचे छापील नाव बोटाने पुसले जाते आणि नवे छापायलाही वेळ लागत नाही. फिलिप्स समूहाच्या कारखान्यांमध्ये काचेवर तळाजवळ कोरल्यासारखी फिकट संकेताक्षरे असत. मुलार्डच्या ब्लॅकबर्न कारखान्यासाठी तिथे 'बी' असते. विक्रेता त्या अक्षरांचा स्पष्ट फोटो देत नसेल तर तो मुलार्ड नाही असे समजून किंमत ठरवावी.

जाता जाता एक गोष्ट. काचेला बोट लागले तर व्हॉल्व्ह फुटतो, ही समजूत हॅलोजन दिव्यांवरून आली असावी. व्हॉल्व्हला बोटाच्या तेलाने काही होत नाही, फक्त ती छपाई जाते.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो आणि गेली बरीच वर्षे या छंदात आहे. प्रश्नकर्त्यांना मामांकडून अँप्लिफायर आयता मिळाला, परंतु हा धागा वाचून ज्यांना जुना अँप्लिफायर विकत घेण्याची इच्छा होईल त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो.

मी पहिला घेतला तो अमेरिकी बनावटीचा डायनाको स्टिरिओ ७०. हा अँप्लिफायर १९५९ मध्ये बाजारात आला, प्रत्येक बाजूला ३५ वॅट देतो आणि इकडे तो अजूनही सहज सापडतो. त्यात चार ईएल ३४, एक जीझेड ३४ आणि दोन ७१९९ आहेत. पहिले दोन प्रकार आजही तयार होतात. ७१९९ ने मात्र मला बेजार केले. तो फारच थोड्या उपकरणांत वापरला गेला, आणि चांगली जोडी मिळवण्यासाठी जेवढे पैसे मागितले गेले तेवढ्यात मी पुढचा संपूर्ण बोर्डच बदलून सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हचा लावला. तेव्हापासून कुठलाही जुना अँप्लिफायर पाहताना मी आधी त्यातील सर्वांत दुर्मिळ व्हॉल्व्ह शोधतो आणि त्याची आजची किंमत बघून मगच बोलणी सुरू करतो. या कसोटीवर मामांचा ५-१० फार शहाणपणाचा आहे, कारण त्यातील पाचही व्हॉल्व्हांना आज पर्याय मिळतो. स्लोव्हाकियात चाडत्सा येथील जेजे ही कंपनी, रशियात सारातोव्ह येथील कारखाना आणि चिनी उत्पादक यांच्यामुळे ईएल ८४ आणि ईसीसी ८३ यांची चिंता नाही. सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून सोवटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल आणि मुलार्ड हे नाव छापलेलेसुद्धा व्हॉल्व्ह बाहेर पडतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर त्यांचा पुरवठा अडला तेव्हा इकडे काही आठवड्यांतच किमती वाढल्या होत्या.

बायसचा, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणाऱ्या ग्रिडच्या दाबाचा, फरकही नवख्या माणसाने समजून घ्यावा. मामांच्या अँप्लिफायरमध्ये कॅथोडचा रेझिस्टर व्हॉल्व्हला आपोआप आवरतो. प्रवाह वाढला की कॅथोडचा दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह स्वतःला मागे खेचतो. म्हणून तिथे नवी जोडी लावली की काम झाले. स्टिरिओ ७० मध्ये बायस बाहेरून द्यावा लागतो. एका बाजूच्या दोन्ही ईएल ३४ चा प्रवाह १५.६ ओहमच्या एकाच रेझिस्टरमधून जातो आणि त्यावर १.५६ व्होल्ट, म्हणजे दोघांचे मिळून १०० मिलीअँपिअर, असे एकाच नियंत्रणाने जुळवायचे असते. त्यातला एक ७० आणि दुसरा ३० ओढत असला तरी मीटर समाधानी दिसतो. अशा ठिकाणी जुळवलेली जोडी ही चैन नसून गरज आहे.

येथून अँप्लिफायर भारतात नेणाऱ्यांनी दाबासोबत वारंवारताही पाहावी. १२० व्होल्टांसाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, परंतु केवळ ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि गुरगुरतो, आणि त्यावर बाहेरून उपाय नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी शेजारच्या इलेक्ट्रिशियन मित्राला सोबत बसवून, एक हात खिशात ठेवून मोजमापे घेतली. आधी १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून अँप्लिफायर चालू केला. बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहिला नाही, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता, म्हणून मग थेट जोडला.

डाव्या अँप्लिफायरमधील कॅथोडचे रेझिस्टर २७४ आणि २७० ओहम निघाले. पहिल्या ईएल ८४ च्या कॅथोडवर १०.६ व्होल्ट, आणि लाल होणाऱ्या सॉकेटात १६.१ व्होल्ट. पिन २ वर पहिल्याला ०.१ व्होल्ट आणि दुसऱ्याला ७.१ व्होल्ट. व्हॉल्व्ह काढल्यावर तिथे ७.३ व्होल्ट आले, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष ठरला. मी गणित करून पाहिले: १६.१ भागिले २७० म्हणजे जवळजवळ ६० मिलीअँपिअर. त्यातील साधारण दहावा हिस्सा स्क्रीनचा धरून वजा केला तर प्लेटचे ५४ उरतात. प्लेट आणि कॅथोड यांमध्ये २८६ व्होल्ट होते, म्हणजे प्लेटवर १५ वॅटहून अधिक. १२ वॅटांच्या व्हॉल्व्हकडून आपण काय करून घेत होतो ते तेव्हा कळले. गळती मात्र केवळ १५ मायक्रोअँपिअरची. कंडेन्सर सुटा काढून मीटरवर लावला, तर आपण म्हणालात तसाच तो उत्तम दाखवत होता.

आता ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टांचे नवे पॉलिप्रॉपिलिन कंडेन्सर लावले आहेत. कॅथोडवर १०.७ आणि १०.९ व्होल्ट येतात आणि तासभर वाजवूनही प्लेट काळीच राहते. दुकानदाराने मृत ठरवलेला मामांचा मूळ ईएल ८४ परत लावून पाहिला, तोही ९.८ व्होल्ट देतो आणि व्यवस्थित वाजतो. उजव्या अँप्लिफायरमध्येही एका ग्रिडवर ०.४ व्होल्ट आढळल्याने तिथले दोन्ही कंडेन्सर बदलले.

वहीच्या समासात मामांनी पेन्सिलीने '१०.५ / १०.७' असे लिहून ठेवले होते. इतके दिवस तो पावतीचा हिशेब असावा असे मला वाटत होते.

आता दोन शंका उरल्या आहेत. डाव्या बाजूला अजूनही बारीक गुणगुण आहे, आणि चहाची कपबशी टेबलावर ठेवली तरी स्पीकरमधून टणत्कार ऐकू येतो. हा ईसीसी ८३ चा दोष समजावा का? दुसरे, ईझेड ८१ काढून त्याऐवजी सिलिकॉन डायोड लावावेत, म्हणजे एक व्हॉल्व्ह कायमचा वाचेल, असे एका परिचितांनी सुचवले आहे. ते योग्य आहे का?

जुनी_तार

आकडे नेमके लिहिल्याबद्दल समाधान वाटले. मूळ ईएल ८४ मुळीच टाकू नका. ९.८ आणि १०.७ मधला फरक कॅथोड बायसच्या या सर्किटात चालण्यासारखा आहे, पण नवा जागेवर आणि मामांचा तो व्हॉल्व्ह राखीव ठेवलात तर जोडी अधिक जुळेल.

टणत्काराचा संशय मी ईसीसी ८३ च्या आधी ईएफ ८६ वर घेईन. सर्वांत लहान सिग्नल तिथे येतो आणि पुढचे सगळे वर्धन त्याच्यानंतर होते, त्यामुळे त्याच्या आतील एखादी ग्रिड किंचित सैल झाली तरी ती मायक्रोफोनसारखी वागते. आवाज कमी ठेवून पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा. ज्यावर टणत्कार मोठा तो दोषी. त्यानंतर दोन्ही अँप्लिफायरमधील ईएफ ८६ ची अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तरच नवा घ्या. तत्पूर्वी वीज बंद करून व्हॉल्व्हच्या पिना आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि व्हॉल्व्ह तीन-चार वेळा आत-बाहेर करा, कारण निम्म्या वेळा खरखर तिथेच संपते.

गुणगुण फिल्टर कंडेन्सरची असण्याची शक्यता जास्त आहे. मामांच्या काळचे इलेक्ट्रोलिटिक (फिल्टरचे) कंडेन्सर आत्तापर्यंत चालले हेच नवल. बदलताना मोठे तितके चांगले असे समजून पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड लावू नका. ईझेड ८१ नंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, त्यापुढे सुरुवातीचा भरणप्रवाह रेक्टिफायरच्या कॅथोडला झेपत नाही. वहीत आहे तीच किंमत ठेवा, फक्त दाबाची क्षमता ४५० व्होल्टांची घ्या.

डायोडचा सल्ला मानू नये. ईझेड ८१ मध्ये काही व्होल्ट खर्च होतात आणि मामांनी त्या हिशेबाने ट्रान्सफॉर्मर घेतलेला आहे. डायोड लावले की प्लेटचा दाब वाढेल आणि आधीच मर्यादेजवळ असलेले ईएल ८४ पुन्हा तिच्या पलीकडे जातील. शिवाय ईझेड ८१ हळूहळू तापतो, त्यामुळे बाकीचे व्हॉल्व्ह गरम होत असतानाच दाब चढतो. डायोड मात्र बटण दाबताच पूर्ण दाब देतात, आणि व्हॉल्व्ह प्रवाह ओढू लागेपर्यंत तो फिल्टर कंडेन्सरांच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

तापकीर_गल्ली

ईझेड ८१ राखीव म्हणून एक घेऊन ठेवावा, पण त्याच्या जागी ईझेड ८० लावू नये. दिसायला दोन्ही सारखे असतात आणि दुकानात एकाच खोक्यात ठेवलेले असतात. ईझेड ८० ची क्षमता मात्र ९० मिलीअँपिअरची आहे आणि ईझेड ८१ ची १५० मिलीअँपिअरची. तुमचे दोन ईएल ८४ मिळून ८० मिलीअँपिअर घेतात, त्यात ईसीसी ८३ आणि ईएफ ८६ चे थोडे मिळवले की ईझेड ८० कडे शिल्लक काहीच राहत नाही. खरेदीला जाताना वही सोबत न्या, आणि तिचा फोटो आधीच काढून ठेवा.